कोकणातल्या उतारावर गोल्फचे मैदान : हिशेब पाण्याचा

कोकणातल्या एखाद्या गावाच्या हद्दीत गोल्फचे मैदान होणार असल्याची कुणकुण लागली, की बोलणे लगेच दोन टोकांना जाते. एका बाजूला रोजगार, पर्यटन आणि जमिनीचा वाढता भाव असतो, तर दुसऱ्या बाजूला श्रीमंतांचे चोचले आणि गावाचे पळवलेले पाणी. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य असते. परंतु असे मैदान बांधताना जमिनीच्या पोटात नेमके काय केले जाते आणि पावसाचे पाणी कुठून कुठे जाते, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. ते समजल्याशिवाय बाजूने किंवा विरोधात बोलण्याला वजन येत नाही, असे मला मनापासून वाटते.

आधी खेळाची मोजमापे पाहू. पूर्ण मैदानात 18 होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात ‘टी’ नावाच्या सपाट चौथऱ्यावरून होते आणि शेवट ‘ग्रीन’वर, म्हणजे अत्यंत बारीक कापलेल्या हिरवळीवर होतो. त्या ग्रीनमध्ये 108 मिलिमीटर व्यासाचे एक भोक असते आणि चेंडू त्यात घालायचा असतो. टी आणि ग्रीन यांच्यामधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, त्याच्या कडेचे वाढलेले गवत व झाडी म्हणजे रफ आणि वाळूचे खड्डे म्हणजे बंकर. कुशल खेळाडूला एखादे होल संपवायला तीन, चार किंवा पाच फटके लागावेत असे धरलेले असते; त्याला ‘पार’ म्हणतात, आणि अठरा होलांची पारची बेरीज बहुधा 70 ते 72 येते. सगळ्या होलांची लांबी मिळून सहा किलोमीटरच्या आसपास भरते आणि एकूण जागा साधारण 50 ते 75 हेक्टर लागते. मात्र एक ग्रीन सुमारे 500 चौरस मीटरचे असते, म्हणजे अठरा ग्रीन मिळून एक हेक्टरही भरत नाहीत. या दोन आकड्यांमधली तफावत लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, शेतीला निरुपयोगी अशा वाळूच्या टेकड्यांवर वाढला. सेंट अँड्र्यूज येथील जुन्या मैदानावर पूर्वी 22 होल खेळले जात. 1764 साली त्यांची संख्या 18 झाली आणि पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. तिथे कोणी जमीन उकरून उंचसखलपणा तयार केला नव्हता. वाऱ्याने वाळूचे चढउतार घडवले होते, मेंढ्यांनी आणि सशांनी गवत खुरटे ठेवले होते आणि पडलेला पाऊस वाळूतून लगेच खाली उतरत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळ समुद्रापासून आत सरकला तेव्हा प्रथम चिकणमातीची कुरणे वापरली गेली, आणि तिथे हिवाळ्यात नुसता चिखल होई. लंडनच्या नैर्ऋत्येस वाळूमिश्रित माळरानावर झाडी तोडून मैदाने आखली जाऊ लागली, तेव्हा कुठे आतल्या प्रदेशातले गोल्फ चांगले जमले. 1901 साली सुरू झालेले सनिंगडेल हे त्यांपैकी नावाजलेले. झाडीचा, हलक्या चढउतारांचा प्रदेश गोल्फला शोभतो ही समजूत तिथून पक्की झाली, परंतु त्या शोभेच्या खाली वाळू होती ही गोष्ट पुढे अनेक जण विसरले.

कोकणपट्टीला गोल्फ अगदीच अनोळखी नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 सालचा आहे, आणि अलीकडच्या काळात सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या कुशीत मैदान उभारले आहे. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात गेल्यावर मात्र जमिनीचा स्वभाव बदलतो, कारण तिथे जांभा आहे.

जांभ्याच्या प्रदेशात डोंगराचा माथा बहुधा सपाट असतो; त्याला आपण सडा म्हणतो. सड्यावर माती वीतभरही नसते, खाली कातळ लागतो. सड्याच्या कडेवरून खाली उतरणारी वरकस जमीन म्हणजे ऐन, किंजळ, काजू आणि करवंदीच्या जाळ्यांचा भाग. दोन उतारांच्या मधून पऱ्या वाहतो आणि तळाशी खलाटीत भातशेती असते, त्यापुढे खाडी किंवा पुळण. एखाद्या चिरेखाणीच्या कडेला उभे राहून कापलेल्या भिंतीकडे पाहिले, तर हा सगळा प्रकार एका नजरेत दिसतो. वर तांबड्या मातीचा पातळ थर, त्याखाली भोकाभोकांचा कठीण जांभा, आणि चांगला खोल गेल्यावर मऊ, पिवळसर-पांढुरकी चिकणमाती. पावसाचे पाणी जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून झपाट्याने खाली उतरते, त्या चिकणमातीवर अडते आणि आडवे सरकत सरकत उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. गावाच्या विहिरी आणि पाणवठे पुष्कळदा याच झऱ्यांवर चालतात. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत बायकांना हंडे घेऊन का चालावे लागते, याचेही उत्तर त्या भिंतीत आहे. पाणी येते भरपूर, पण थांबत नाही.

मग अशा प्रदेशात मैदानासाठी जागा कोणती? समुद्रालगतच्या वाळूच्या टेकड्या स्कॉटलंडशी मिळत्याजुळत्या वाटल्या, तरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार त्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात येतात, कासवांची विणीची ठिकाणेही त्याच वर्गात आहेत, आणि ते योग्यच आहे. सडा मोकळा दिसतो म्हणून बाहेरच्या माणसाला तो पडीक वाटतो. प्रत्यक्षात तो गुरांचे चरण आहे, पावसाळ्यानंतर फुलणाऱ्या दुर्मीळ वनस्पतींचे घर आहे, आणि त्यावरची कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. शिवाय कातळ फोडून त्यावर बाहेरची माती पसरणे हा निसर्गाशी आणि पैशाशी दोन्हींशी वैर धरण्याचा प्रकार होय. राहतो तो मधला मंद उताराचा, झाडीचा पट्टा. चांगला आराखडाकार इथेच काम करू इच्छील, आणि त्याने इथे काम कसे केले यावरच मैदान गावाला पोसवेल की नाही हे ठरेल.

आराखड्याची पहिली पायरी म्हणजे मार्ग आखणे: कोणते होल कुठून निघून कुठे संपेल. याचा सरळ नियम असा, की टी उंचवट्यावर असावी, चेंडू पडण्याची जागा समोरच्या, खेळाडूकडे तोंड केलेल्या उतारावर असावी म्हणजे ती डोळ्यांना दिसते, आणि पाण्याची नैसर्गिक वाट कधीही बुजवू नये. फेअरवेला शंभर मीटरमागे निदान दोन मीटर उतार मिळाला, तर पावसाचे पाणी पृष्ठभागावरून आपोआप वाहून जाते. उतार फारच तीव्र झाला तर चेंडू थांबत नाही आणि माती धुपते. जिथे जमीन मुळातच अशी आहे तिथे जेसीबीला फारसे काम उरत नाही. एखाद्या प्रस्तावात लाखो घनमीटर माती हलवण्याची भाषा दिसली, तर जागा चुकली आहे किंवा आराखडा चुकला आहे, असे खुशाल समजावे.

झाडांचा प्रश्न याहून नाजूक आहे. झाडीतून होल काढायचे तर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत साधारण 50 ते 60 मीटरची मोकळी पट्टी लागते. सगळे अठरा होल दाट जंगलातून काढायचे ठरवले तर ते जंगल उरतच नाही. म्हणून मार्ग जुन्या काजूच्या बागा, पूर्वी नाचणी-वरीसाठी मोकळी केलेली वरकस आणि गवताळ तुकडे यांच्यावरून फिरवावा आणि देवराई, पऱ्याच्या काठची झाडी व मोठी जुनी झाडे यांना हात लावू नये. गवताच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचे आहे. उष्ण प्रदेशातल्या मैदानी गवताला दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन हवे असते. ग्रीनच्या पूर्वेला उंच झाडे असली तर सकाळचे ऊन अडते, दव उशिरापर्यंत टिकते आणि ओल्या पात्यांवर बुरशी धरते. पुढे ती झाडे तोडण्याची मागणी होतेच. ग्रीनची जागा ठरवतानाच सूर्य कुठून उगवतो हे पाहिले, तर हा प्रसंग टळतो.

आता ग्रीनच्या पोटात शिरू, कारण या विषयातला सर्वांत सुंदर भाग तिथे आहे. ग्रीनवरचे भोक रोज किंवा एक-दोन दिवसांआड नव्या जागी पाडतात, नाहीतर त्याभोवतीचे गवत तुडवून मरते. मैदानावरचा माळी एक दंडगोलाकार पाते जमिनीत दाबतो, फिरवतो आणि मातीचा अख्खा गोळा वर काढतो. तो गोळा हातात घेऊन पाहावा. सर्वांत वर तीन-चार मिलिमीटर उंचीचे गवत. त्याखाली मुळे, खोडांचे तुकडे आणि कुजलेला काडीकचरा यांचा दाट तपकिरी थर. आणि त्याखाली जवळजवळ निव्वळ वाळू, जिच्यातून पांढरी बारीक मुळे सरळ खाली गेलेली असतात. शेतातली माती तिथे जवळपास नसतेच. माणसांच्या पायांखाली साधी माती दबून घट्ट होते, तिच्यातली हवा निघून जाते आणि पाणी वर साचते. वाळूचे कण मात्र कितीही दाबले तरी त्यांच्यामध्ये पोकळी राहते.

अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1960 साली ग्रीन बांधण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली आणि आज जगभर तीच मुख्यतः वापरतात. तळाशी सच्छिद्र नळ्या, त्यांवर 10 सेंटिमीटर खडी आणि त्यावर 30 सेंटिमीटर वाळू, हवे तर थोडे सेंद्रिय द्रव्य मिसळलेली. पाऊस जोराचा पडला की पाणी वाळूतून खडीत आणि खडीतून नळ्यांत जाते. पण नुसत्या वाळूत पाणी टिकत नसताना गवत उन्हाळ्यात जगते कसे? याचे उत्तर वाळू आणि खडीच्या सीमेवर आहे. धुतलेला पंचा दोरीवर वाळत घातला, की त्याचा वरचा भाग लवकर सुकतो आणि खालच्या काठाशी पाणी बराच वेळ लोंबकळत राहते, कारण कापडाच्या बारीक धाग्यांना धरलेले पाणी मोकळ्या हवेत सहज सुटत नाही. वाळूच्या बारीक पोकळ्यांतले पाणीही खडीच्या मोठ्या पोकळ्यांच्या तोंडाशी असेच अडून बसते. वरून आणखी पाणी येऊन त्याचा भार पुरेसा वाढला, की मगच ते खाली सुटते. त्यामुळे तीच रचना पावसाळ्यात निचरा करते आणि कोरड्या दिवसांत मुळांच्या खाली ओलाव्याचा साठा धरून ठेवते. अशी वाळू ताशी किमान 150 मिलिमीटर पाणी खाली सोडणारी असावी, असे त्या पद्धतीत सांगितले आहे. कोकणातल्या जुलैसाठी हा आकडा मुळीच अवाजवी नाही.

इथे गावाच्या दृष्टीने एक व्यावहारिक प्रश्न येतो. अठरा ग्रीनांसाठी तीस सेंटिमीटर वाळू म्हणजे सुमारे 2,700 घनमीटर, आणि दहा घनमीटरचा डंपर धरला तर 270 खेपा. ही वाळू कुठून येणार? पुळणीची वाळू काढण्यास मनाई आहे, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुराही असतो. खाडीतल्या वाळूउपशाने किनाऱ्यांचे काय होते हे कोकणाला सांगायला नको. काळ्या दगडाची धुतलेली, योग्य जाडीची चाळलेली वाळू वापरता येते, पण ती महाग पडते. खडीही काळ्या दगडाचीच हवी, कारण जांभ्याची खडी झिजून तिचा भुगा होतो आणि नळ्या तुंबतात. प्रस्ताव वाचताना वाळूच्या उगमाची नोंद आधी शोधावी.

गवताच्या बाबतीत मात्र आपल्याकडे उपजत धन आहे. जगातल्या उष्ण प्रदेशांतल्या बहुतेक मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात, ते म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी जिला उपटून उपटून थकतो तिचे गुण इथे उपयोगी पडतात: जमिनीवरून आणि जमिनीखालून पसरणारी खोडे, तुडवले तरी पुन्हा फुटण्याची ताकद आणि पाणी तुटले तर वरून वाळून खालून जिवंत राहण्याची चिवटता. ग्रीनसाठी हरळी आणि तिच्या आफ्रिकी भाईबंदाच्या संकरातून निघालेल्या, अगदी बारीक पात्यांच्या जाती वापरतात. त्यांना बी धरत नाही. खोडांचे तुकडे पेरूनच त्या वाढवाव्या लागतात. खाऱ्या पाण्याशी गाठ असेल, म्हणजे खाडीजवळच्या जागी, तर पास्पालम जातीचे क्षारसहनशील गवत बरे. हरळीची एकच मोठी अडचण म्हणजे तिला सावली सोसत नाही, आणि कोकणातला जुलै म्हणजे आठवडेच्या आठवडे मळभ. त्या काळात ग्रीनचे गवत नेहमीपेक्षा उंच ठेवावे, म्हणजे पात्यांना मिळेल तेवढा प्रकाश पुरतो.

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. टी, फेअरवे आणि कडेचे गवत मिळून 25 हेक्टर क्षेत्र वर्षभर हिरवेगार ठेवायचे ठरवले आणि कोरड्या दिवसांत रोज चार मिलिमीटर पाणी दिले, तर दिवसाला दहा लाख लिटर लागतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोजचे 55 लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या मापाने हे 18 हजार माणसांचे पाणी झाले. ऑक्टोबरच्या मध्यापासून मृगापर्यंत सुमारे 240 दिवस धरले, तर एकूण 24 कोटी लिटर होतात.

आकडा ऐकून छाती दडपते, परंतु त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा. साठ हेक्टरांवर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे 180 कोटी लिटर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. तसा एक दिवस या साठ हेक्टरांवर उजाडला तर त्या एका दिवसातच आठ महिन्यांच्या गरजेच्या दुपटीहून अधिक पाणी पडेल. तेव्हा पाणी अपुरे आहे असे म्हणता येत नाही. ते साठवणे कठीण आहे. चार मीटर खोल तळे केले आणि उन्हाने रोज पाच मिलिमीटर पाणी उडाले, तर आठ महिन्यांत 1.2 मीटर पाणी नुसते हवेत जाते. उरलेल्या 2.8 मीटरवर भागवायचे म्हटले तर तळ्याचे क्षेत्रच साडेआठ हेक्टर लागते. जांभ्यात ते गळते, म्हणून तळाशी चिकणमाती किंवा जाड प्लास्टिकचे अस्तर हवे. इतके तळे झाले नाही तर विंधन विहिरी खणल्या जातात, आणि मग पायथ्याच्या झऱ्यांचे पाणी वरच्या वर ओढले जाते. गावाची भीती इथे पूर्णपणे खरी आहे.

परंतु हिरवे ठेवायचे क्षेत्र आपण किती मानतो, यावर हा हिशेब दहा-बारा पटींनी बदलतो. केवळ ग्रीन आणि टी मिळून दोन हेक्टरांना पाणी दिले तर दिवसाला 80 हजार लिटर पुरतात आणि पाऊण हेक्टराच्या आतले तळे वर्षभर भागवते. फेअरवेची हरळी मार्च-एप्रिलमध्ये तांबूस पडेल, पहिल्या पावसाने पुन्हा फुटेल. वाळलेल्या, कडक जमिनीवर चेंडू जास्त घरंगळतो आणि खेळ उलट अधिक विचाराचा होतो. 2006 साली इंग्लंडमध्ये हॉयलेकच्या ओपन स्पर्धेत उन्हाने करपलेल्या फेअरवेवर टायगर वूड्सने चारही दिवसांत मिळून ड्रायव्हर हा लांब पल्ल्याचा दांडा फक्त एकदा वापरला आणि तो जिंकला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट क्रमांक 2 या मैदानाने तर पाइनच्या झाडीतल्या सौम्य चढउतारांवर लावलेले सुमारे 35 एकर गवत 2010-11 मध्ये मुद्दाम काढून टाकले, तिथे वाळू आणि रानटी गवत परत येऊ दिले, आणि 2014 साली त्याच मैदानावर लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन स्पर्धा झाली. जगातल्या उत्तम मैदानांना जे चालते ते कोकणाला चालायला हवे. आपल्याकडे वैशाखात सगळा डोंगर पिवळा असताना त्यातली पंचवीस हेक्टर जमीन हिरवीगार असावी, हा हट्ट खेळाचा नाही, जाहिरातीच्या छायाचित्राचा आहे. बाकीच्या क्षेत्रासाठी हॉटेलचे आणि वसाहतीचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरता येते. ते जितके असेल तितकेच हिरवे ठेवावे.

खताचा मुद्दा थोडक्यात सांगतो. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर असल्याने ती स्फुरद घट्ट धरून ठेवते, परंतु नत्र पाण्याबरोबर सहज खाली झिरपते आणि त्याच झऱ्यांतून विहिरीत उतरते. म्हणून नत्र एकदम न देता थोडे थोडे द्यावे, जून ते सप्टेंबर जवळजवळ थांबवावे, ग्रीनखालच्या नळ्यांचे तोंड थेट पऱ्यात न सोडता गवताळ पट्ट्यात सोडावे, आणि पायथ्याच्या विहिरींचे पाणी मैदान सुरू होण्यापूर्वी एकदा व नंतर दरवर्षी तपासून निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

बांधकामाचे वेळापत्रक हा शेवटचा, पण सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. उघडी पडलेली तांबडी माती मृगाच्या पहिल्या सरींत सापडली, तर ती पऱ्याने खाली येते आणि खलाटीतल्या भाताच्या रोपांवर बसते. तिथून पुढे खाडीत जाऊन तिसऱ्यांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, जागा गाळाने भरते. त्यामुळे मातीकाम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर संपवावे. एका हंगामात जेवढे होल झाकून होतील तेवढेच उघडावेत, अठराच्या अठरा एकदम नाहीत. मे महिन्यात प्रत्येक उताराच्या तळाशी गाळ अडवणारे खड्डे आणि दगडी बांध तयार असावेत, आणि उघड्या जमिनीवर पेंढा किंवा काथ्याची जाळी अंथरलेली असावी. जुलैच्या धारांत गवताचे तुकडे लावून ते वाहून जाऊ देण्यापेक्षा पावसाचा जोर ओसरल्यावर, गणपती गेल्यानंतर लावणी करावी. तेव्हा जमिनीत ओल असते, ऊन परत आलेले असते, आणि हरळी दोन-तीन महिन्यांत जमीन झाकून टाकते.